माकणीकर सरांची फोडणी

माकणीकर सर हॉटेलात जातात ते जेवायला नाही, पेपर तपासायला.

इथं थायलंडात साधी रस्त्यावरची टपरी असो नाहीतर एसीवालं हॉटेल असो, सर खुर्चीवर टेकायच्या आधीच त्या हॉटेलाला शंभरपैकी शंभर देऊन टाकतात आणि मग कापायला घेतात. नूडल्समध्ये साखर, वजा चार. मासळीचं पाणी घालू नको म्हणून हात जोडून सांगितलं तरी घातलं, वजा वीस. पाण्यात न विचारता बर्फ, वजा दोन. ‘निगेटिव्ह मार्किंग हाय,’ असं ते त्या वाढणाऱ्या पोरीला शुद्ध लातुरी मराठीत बजावतात. ती गोड हसते. हसल्याबद्दल आणखी वजा एक, कारण ‘चूक दाखवल्यावर हसतंय म्हणजे ह्यांचं कन्सेप्टच क्लिअर न्हाई.’

आमच्या बिल्डिंगखालच्या टपरीवाल्या मावशीला तर उणे सहा मिळाले. ती बिचारी वाकून वाकून नमस्कार करत होती, तिला काय ठाऊक आपण शून्याच्याही खाली गेलोत ते. आणि एवढं करून हा माणूस रोज संध्याकाळी जेवायला तिच्याकडेच. मी एकदा न राहवून विचारलं, ‘सर, एवढी नापास आहे तर जाता कशाला तिथं?’

‘नापास पोराला सोडून द्यायचं असतंय का? रिपीटर बॅच हाय ती.’

आता मी कोण, ते सांगते. मी नांदेडची. माझा नवरा श्रीकांत चोनबुरीतल्या टायरच्या कारखान्यात आहे. चोनबुरी म्हणजे बँकॉकच्या खाली, समुद्राकाठी, कारखान्यांचं शहर. तोही नांदेडचाच, पण अर्ध्या मराठवाड्यातल्या लेकरांसारखी त्यानं अकरावी-बारावी लातूरला खोली करून काढली, आणि गणिताला त्याला माकणीकर सर होते. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सर भेटले. श्रीकांतनं लिफ्टमध्येच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. दार उघडं, बाहेर चार जपानी इंजिनिअर ताटकळत उभे, आणि सर त्याला विचारून राहिले, ‘बारावीला किती पडले होते रे तुला?’ त्या दिवसापासून मी सूनबाई. मी ह्यांची कुठली सून? महसूल आयुक्तालय कुठं व्हावं ह्यावरून नांदेड-लातूरचं भांडण अजून मिटलं नाही आणि हे मला सून करून मोकळे! पण सरांपुढं बोलणार कोण.

सर पन्नाशी ओलांडलेले. लग्न केलेलं नाही. लातुरात त्यांच्या नावावर क्लास भरायचे. आधी पत्र्याच्या शेडमध्ये शिकवत, मग लातूरला पैशाचा पूर आला, गल्लीगल्लीत चार-चार मजली क्लास उभे राहिले आणि सर एका मोठ्या क्लासात गेले. तिथं निकाल लागला आणि मालकानं भलत्याच क्लासच्या पहिल्या आलेल्या पोरीचा फोटो आपल्या बॅनरवर लावला. ती पोरगी तिकडंही, ह्यांच्याकडंही, आणि कोपऱ्यावरच्या तिसऱ्या क्लासवरही हसत होती. सरांनी शिडी मागवली, भर चौकात स्वतः वर चढले आणि तो बॅनर फाडला. ‘हिला मी एक बेरीज शिकवली न्हाई. हिचा फोटो माझ्या डोक्यावर कामून?’ नोकरी तिथंच गेली. मग एका जुन्या विद्यार्थ्यानं इथल्या शाळेत लावून दिलं. तेव्हापासून सर इथं येऊन सगळ्या थायलंडवर रागावून राहिलेत.

आणि खरं सांगते, राग यावा असं इथं आहेही पुष्कळ. टेबलावर हात पुसायला काय ठेवतात? संडासातला कागद! अख्खा गुंडाळा, वर गुलाबी प्लास्टिकचं टोपण. सरांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते ताटावरून उठले. पार्सल मागितलं तर गरम रस्सा पातळ पिशवीत ओततात आणि तोंडाला रबर लावून हातात देतात. सर ती पिशवी दिव्यासमोर धरून म्हणाले, ‘हे सलाईन कुणाला लावायचं?’ आंबा भातासोबत देतात, आणि भातही गोड, वर नारळाचं दूध. ‘आंब्याचा हा असा अपमान मी उभ्या जन्मात पाहिला न्हाई.’ दुकानातलं दही आणलं तर त्यातही साखर. आता दह्यात साखर घालणाऱ्या माणसांना कढी कशी समजावून सांगायची? इथं मात्र मी सरांच्या बाजूची आहे, मी स्वतः त्या दह्याच्या डब्यावर तोंडसुख घेतलेलं आहे.

सगळ्यात मोठा तमाशा झाला तो वॉचमनशी. इथं माणूस भेटला की ‘किन खाव रू यांग’ म्हणतात, म्हणजे जेवलात का. आपण नाही का रस्त्यात भेटलेल्याला ‘काय, कुणीकडं?’ विचारतो, तसंच. उत्तर कुणाला नको असतं. पण सर पडले किल्लारीकडचे. त्यांच्याकडं जेवलात का म्हणून विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला, तर पाट मांडावाच लागतो. वॉचमननं विचारलं, सर ‘न्हाई बाबा अजून’ म्हणाले आणि खुर्ची ओढून त्याच्या केबिनशी बसले. बसले ते बसलेच. वॉचमन हसून राहिला, सर वाट पाहून राहिले. शेवटी उठून आमच्याकडं आले ते लालबुंद होऊन.

‘विचारायचं आन् वाढायचं न्हाई? मग विचारावं कशाला? ह्या लोकांत काही रीतभात?’

मी म्हटलं, ‘सर, तो चार घास डब्यात घेऊन येतो. तुम्हाला कुठून वाढणार?’

‘अर्धी भाकर तर अर्धी. नसती खाल्ली मी. पण म्हणायला पायजे का न्हाई?’

पण ह्या सगळ्याच्या मुळाशी सरांचा एक खरा राग होता, तो घरावर. आमच्या बिल्डिंगमधल्या खोल्यांना स्वयंपाकघरच नाही. पलंग आहे, टीव्ही आहे, खाली पोहायचा तलाव आहे, आणि चुलीच्या नावानं एक छोटा फ्रिज. इथं माणसं सकाळ-संध्याकाळ बाहेरच खातात, कुणाचं अडत नाही. नियमच आहे, खोलीत तळण-फोडणी करायची नाही, वास पसरतो. मी आपली दुपारी सगळे कामावर गेले की खिडकी उघडून, चोरासारखं, विजेच्या शेगडीवर वरणाला जिऱ्याची फोडणी देते. दोन वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. सरांना चोरून काही करता येत नाही. ते दार सताड उघडं टाकून लसणाची फोडणी देतात. म्हणतात, ‘चूल न्हाई ते घर कसलं? लॉज हाय लॉज!’

बिल्डिंगच्या मॅनेजर खुन सुदा. खुन म्हणजे श्रीमान, श्रीमती, बाई, साहेब, सगळं एकातच. चाळिशीच्या, बारक्या, कडक इस्त्रीतल्या, आवाज कधी चढत नाही. सरांच्या दारावर दोनदा येऊन गेल्या. दोन्ही वेळा हात जोडून, हसून, लेखी समज देऊन गेल्या. दुसऱ्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं: आणखी एक तक्रार आली की खोली सोडावी लागेल. ह्या बिल्डिंगसारखी शाळेजवळची, परवडणारी खोली सरांना दुसरी मिळणार नव्हती. मी म्हटलं, ‘सर, आता पुरे. तुमच्या फोडणीपायी आमच्याही दारावर येतील. गप टपरीवर जेवत जा.’ आणि सर चक्क हो म्हणाले. महिना दीड महिना मजल्यावर लसणाचा वास नाही. मला वाटलं, सुधारला माणूस.

मग गणपती झाले, आणि सर उडदाची डाळ, बेसन, गूळ असं सगळं बँकॉकच्या भारतीय बाजारातून पिशव्या भरून घेऊन आले. मी श्रीकांतला म्हटलं, ‘आता तळण निघणार!’

श्रीकांत म्हणाला, ‘पित्तर आहे त्यांच्याकडं.’

पित्तर घालणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मेलेल्या माणसाच्या नावानं एक जिवंत माणूस पानावर बसवायचा. बापाच्या जागी बाप्या, सवाष्ण गेलेल्या आईच्या जागी सवाष्ण, कुवार पोरीच्या जागी कुवार पोरगी. ते पोटभर जेवून उठले की आपली माणसं जेवली असं धरायचं. घरधन्यानं त्यांच्यामागून जेवायचं, तोवर उपाशी.

सरांचं गाव किल्लारीच्या पलीकडं. भूकंपाच्या साली ते लातुरात खोली करून राहत होते, शिकवण्या नुकत्याच सुरू केल्या होत्या. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. आई, वडील आणि दहावीतली बहीण सुमन, तिघंही घराखाली गेले. गणपती झाले की सुमनला शिकवणीला लातूरला आणायचं ठरलेलं होतं. हे मला श्रीकांतनं सांगितलं.

तर वडिलांच्या जागी श्रीकांत, आईच्या जागी मी, आणि सुमनच्या जागी मागच्या दोन वर्षी श्रीकांतच्या कारखान्यातल्या एका उदगीरकर साहेबांची मुलगी येऊन बसायची. ह्या वर्षी ती नव्हती. का? तर तिला नीटच्या तयारीसाठी आईबापांनी लातूरला पाठवलेलं! मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते नुसतं ‘बरं झालं’ म्हणाले आणि डाळ निवडत राहिले.

पण मी गप बसणारी नाही. मी म्हटलं, ‘सर, दोन कागद आलेत तुम्हाला. तळण काढलं तर खोली गेली. पटायाला भारतीय हॉटेल आहे, तिथून चांगलं पार्सल मागवू. भावना महत्त्वाची असते.’

बाई गं! माझ्याकडं असं पाहिलं त्यांनी, जसं मी सोप्या गणितात हातचा विसरले. ‘सूनबाई, आईला पार्सल खाऊ घालू? पिशवीतून?’

‘मग माझ्याकडं करा.’

‘पित्तर दुसऱ्याच्या घरी शिजतंय व्हय कधी?’

‘मग घालवा खोली!’ मी तणतणत खाली आले. राग खरा होता माझा. एवढ्या शिकलेल्या माणसाला वड्यांपायी बेघर व्हायची हौस! आणि ती सुमनची जागा? त्या पानावर कोण बसणार? परदेशात कुठल्या पोरीला धरून आणून म्हणणार, ये बाई, माझ्या मेलेल्या बहिणीच्या जागी बस? पण रिकामं पानही चालत नाही. हे सगळं मीच बडबडले, आणि पित्तराच्या दिवशी सकाळी मीच साडी नेसून श्रीकांतला घेऊन वर गेले. आईच्या जागी बसायचं तर काय टी-शर्टवर बसू?

सरांची खोली पाहवत नव्हती. पलंग भिंतीला उभा लावलेला, जमिनीवर वर्तमानपत्रं, शेगडीवर कढई. सर घामानं निथळत वडे थापून राहिलेले. खीर झाली होती, कढी झाली होती, आणि कढीचं दही ह्या माणसानं चार दिवस खपून घरी विरजलं होतं. गवार मिळाली नाही म्हणून हातभर लांब थायी शेंगांची भाजी. भोपळ्याची भजी. तीन पानं मांडलेली. तिसऱ्याशी कुणी नाही.

‘सर, तिसरं कोण?’

‘बघू,’ म्हणाले. आवाज बारीक. गणिताच्या मास्तरानं ‘बघू’ म्हणावं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

वड्यांचा दुसरा घाणा कढईत पडला आणि छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायला लागला. श्रीकांत खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालून राहिला, मी खिडकीशी, आणि सर भोंग्यावर ओरडून राहिले, ‘थांब की रे जरा! दोन घाणे राहिलेत!’ तो थांबला तेव्हा दारात खुन सुदा उभ्या होत्या. हातात पांढरा लिफाफा. मागं वॉचमन. दोघांनीही चपला बाहेर काढलेल्या.

झालं, मी मनात म्हटलं. खलास.

खुन सुदा बोलायला लागणार, तेवढ्यात सरांनी झारा हातात घेऊनच त्यांना विचारलं, ‘यू मॅरीड?’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. श्रीकांत खुर्चीवरच गोठला. घराबाहेर काढायला आलेल्या बाईला कुणी असं विचारतं? खुन सुदा नेहमीच्याच शांतपणे म्हणाल्या, ‘नो. नॉट मॅरीड.’

‘मग बसा,’ सर मराठीत म्हणाले आणि तिसऱ्या पानाकडं झारा दाखवला.

आता समजावून सांगायचं कुणी? मीच. माझ्या नांदेडी इंग्रजीत सांगितलं, की बाई, ह्यांच्या गावी भूकंप झाला होता, ह्याच दिवसांत. आई गेली, बाप गेला, बहीण गेली. आज त्यांना जेवू घालायचं असतं. मी आई, हा बाप. बहीण कुणी नाही. बहिणीला लग्न न झालेलीच बाई लागते, म्हणून विचारलं. रागावू नका.

खुन सुदा रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, आमच्याकडंही आत्ताच असतं, गेलेल्यांना जेवण. त्यांची आई गेलेली, तिच्या नावानं केळीच्या पानात गोड भात देतात. मग त्यांनी विचारलं, ‘सिस्टर, हाऊ ओल्ड?’

सरांना ते समजलं. ते बोटांवर मोजायला लागले. मग हातानं खुन सुदांकडंच दाखवलं आणि म्हणाले, ‘नाऊ, लाइक यू. आज असती तर एवढीच असती.’

मला एकदम हुंदका आला. लाज वाटली, पण आला.

खुन सुदांनी लिफाफा वॉचमनजवळ दिला आणि पानावर बसल्या. देवळात बसतात तसं, दोन्ही पाय एका बाजूला मुडपून. पानाला हात जोडले आणि वडा उचलला. वडा जहाल तिखट. डोळ्यांतून, नाकातून पाणी, पण खाली ठेवला नाही. आणि सर? सगळ्या चोनबुरीला नापास करणारे सर त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसून वाढून राहिले. ‘कढी घे. कढी घेतली की तिखट उतरतंय. सावकाश. गरम हाय. अजून एक घे गं, लहान हाय तो.’ सगळं मराठीत, आणि सगळं एकेरीत. त्यांना एका अक्षराचा पत्ता लागत नव्हता आणि त्या मान डोलवून घेत होत्या. खीर दोनदा घेतली. दारात वॉचमनलाही सरांनी बशीभर भजी दिली. आम्ही दोघंही जेवलो, पण आमच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. मी आई असून मला खीर मागून घ्यावी लागली!

खुन सुदा उठल्या. हात धुतले. सरांना वाकून नमस्कार केला, अगदी कपाळाला हात लागेपर्यंत. मग दाराशी गेल्या, वॉचमनकडून लिफाफा घेतला आणि दोन्ही हातांनी सरांच्या हातात दिला. महिनाअखेर खोली रिकामी करावी. सॉरी, म्हणाल्या, नियम आहे. सकाळपासून मजल्यावरच्या सात घरांनी तक्रार केली आहे.

माझं डोकं सणकलं. ‘अहो, वडे खाऊन नोटीस? दोन वाट्या खीर ओरपली आणि नोटीस? काही इमान आहे की नाही ह्या बाईला!’ मी मराठीतच बोलले, पण भाव कळण्यासारखा होता. खुन सुदांनी मान खाली घातली.

‘सूनबाई!’ सर केवढ्यानं ओरडले माझ्यावर. ‘आपल्या पानावर जेवलेल्या माणसाला दारात बोलायचं नसतंय. तिचं काम हाय ते, तिनं केलं.’ मग खुन सुदांकडं वळून म्हणाले, ‘जा बाई. सावकाश जा.’

त्या गेल्या. मी भांडी आपटत आवरायला घेतली. सरांनी लिफाफा उघडलासुद्धा नाही. तो जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर तापलेली कढई टेकवली, खाली डाग पडू नये म्हणून. मी म्हटलं, ‘सर, कुठं जाणार आता तुम्ही?’ ते ऐकतच नव्हते. ते त्या तिसऱ्या पानाशी बसून त्यावर काय उरलंय ते निरखत होते. फारसं काही उरलेलं नव्हतं.

‘सूनबाई, खरं सांगा. पोटभर जेवली का हो ती? का आपली भिडंखातर खाल्लं?’

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, ‘पोटभर जेवली सर. मी बघत होते ना.’

‘मग झालं,’ सर म्हणाले. ‘वाढा मला आता. लई भूक लागलीय.’